पत्र्यावरचा दगड

मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात एखाद्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, चढून चौफेर नजर टाकली, तर पत्र्याच्या घरांवर दगड ठेवलेले दिसतात. दोन्ही हातांनी उचलावे लागतील असे, दहा-बारा किलोचे काळे दगड. कुठे त्यांच्या जोडीला फुटकं जातं, कुठे ट्रॅक्टरचा जुना टायर, कुठे चार विटा. वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून ही सगळी सोय. पुढे वादळ-गारपिटीच्या बातम्या सुरू झाल्या की त्यांत एक बातमी पुन्हा पुन्हा वाचायला मिळते: पत्र्यावरचा दगड अंगावर पडून घरातला माणूस दगावला. वीज पडते, झाड कोसळतं, त्यापुढे आपण हतबल असतो. पण स्वतःच्या छपराखाली, आपणच वर नेऊन ठेवलेल्या दगडानं माणूस जावा, हे मनाला सोसत नाही. म्हणून गारपिटीच्या तयारीची सुरुवात या दगडापासून करायला हवी.

हा दगड वर का गेला, हे समजून घेण्यासारखं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जाड दगडी भिंती आणि फुटा-दीड फुटाच्या मातीची माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. डोक्यावर ओझं नको, हा धडा लातूर-धाराशिवच्या पट्ट्यानं फार मोठी किंमत देऊन घेतला. माळवद उतरवून लोकांनी पत्रा घातला, आणि भूकंपाच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. मात्र हलकं छप्पर भूकंपात जेवढं भलं, तेवढंच वाऱ्यात कच्चं. ते बांधून घट्ट करायचं असतं. बांधायचं राहून गेलं आणि त्याऐवजी वर दगड आले. जे ओझं आपण डोक्यावरून उतरवलं होतं, तेच सुटं होऊन पुन्हा डोक्यावर बसलं.

हा दगड वाऱ्याला किती पुरतो, त्याचा हिशेब सोपा आहे. वारा ताशी ८० किलोमीटरनं वाहू लागला की छपराच्या प्रत्येक चौरस मीटरला साधारण ३० किलोची उचल बसते. ताशी १०० ला ती ४५ किलोच्या पुढे जाते, कारण वेग वाढतो त्याच्या वर्गानं जोर वाढतो. दहा बाय दहाची खोली म्हणजे ९.३ चौरस मीटर. म्हणजे ८० च्या वाऱ्यात त्या एका खोलीच्या पत्र्याला पावणेतीनशे किलोंची उचल, १०० च्या वाऱ्यात सव्वाचारशेच्या वर. पत्र्याचं स्वतःचं वजन जेमतेम चाळीस किलो. वर दहा दगड ठेवले तरी शंभर-सव्वाशे किलोच होतात. शिवाय उचल सगळीकडे सारखी नसते. वळचणीच्या कडेला आणि कोपऱ्यांत ती मधल्या भागापेक्षा कितीतरी जास्त असते. आधी कोपरा फडफडतो, पत्रा थरथरू लागला की दगड उतारावरून सरकतो, आणि पत्रा वाकून फट पडली की थेट आत येतो. वाऱ्यात दगड पत्र्याला धरत नाही. उलट वारा पत्रा हलवतो आणि पत्रा दगड ढकलतो.

पत्रा बांधायचा असतो हुकानं, आणि हुक कुठे बसतो याला महत्त्व आहे. नागमोडी पत्र्याच्या लाटेच्या उंचवट्यावर भोक पाडून तिथे जे-हुक टाकायचा. खोलगट भागात भोक पाडलं तर सगळं पाणी त्याच भोकावरून वाहतं आणि दोन पावसाळ्यांत तिथे गंज धरतो. वळचणीच्या आणि आढ्याजवळच्या ओळीला प्रत्येक उंचवट्यावर हुक हवा, निदान एक सोडून एक तरी. मधल्या ओळींना दोन सोडून एक चालतो. हुकाखालचं रबरी वायसर उन्हानं वाळून चिरतं. ते बोटानं दाबून पाहायचं, तुकडा पडला तर बदलायचं. एक पत्रा शेजारच्यावर दीड लाट चढलेला हवा, आणि वरचा पत्रा खालच्यावर निदान वीतभर.

पण एवढ्यानं काम संपत नाही, आणि बहुतेक घरांत चूक होते ती इथेच. हुक पत्र्याला त्याखालच्या लोखंडी अँगलशी बांधतो. मग अँगल कशाशी बांधलेला आहे? पुष्कळ ठिकाणी पाइप किंवा अँगल भिंतीच्या खाचेत नुसता टेकवून वरून चिखल लिंपलेला असतो. अशा घराचे पत्रे उडतात ते पाइपासकट, आणि पाइपासकट उडालेलं छप्पर शेजाऱ्याच्या दारात जाऊन पडतं. भिंतीत दोन-तीन फूट खाली काँक्रीटचा ठोकळा भरून त्यातून दहा किंवा बारा मिलिमीटरची सळई वर घ्यायची आणि ती पाइपाभोवती वाकवून पक्की करायची. गवंड्याचं एका दिवसाचं काम आहे. या वर्षी तेवढं होणार नसेल तर निदान एक करावं: छपरावरून आडवी जाड तार किंवा नायलॉनचा दोर टाकून दोन्ही बाजूंनी खाली घ्यावा, आणि तिथे जमिनीत दोन फूट पुरलेल्या दगडाला ताणून बांधावा. दगडाची जागा जमिनीत आहे. वजन वर ठेवायचंच झालं तर वाळूची पोती ठेवावीत, आणि तीही बरोबर भिंतीच्या रेषेवर. खोलीच्या मधोमध, जिथे खाली अंथरूण पडतं, तिथे काहीच नको.

आता गारांकडे वळू. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण काश्मीर-हिमाचलात हिवाळ्यात बर्फ पाडणारी यंत्रणाच आपल्याकडे गारा पाडते. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे कमी दाबाचे पट्टे, उत्तरेतून पुढे सरकतात. त्यांतल्या एखाद्याचा प्रभाव दक्षिणेकडे उतरला की महाराष्ट्रावर उंचावर थंड, कोरडी हवा येते. खालून बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्राकडून बाष्प येतं, आणि दुपारपर्यंत काळी जमीन तापलेली असते. या तिन्हींची गाठ पडली की ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो. त्याच्या पोटातला वर जाणारा वारा थेंबाला गोठणाऱ्या थरात नेतो, आणि वाऱ्याच्या जोरावर वर तरंगणाऱ्या त्या गोळ्यावर बर्फाचे थर चढत जातात. मोठी गार मधोमध फोडली तर कांद्यासारख्या पाकळ्या दिसतात, एक दुधी, एक पारदर्शक. पावसाळ्यात गोठणारी पातळी उंच असल्यानं बर्फ वाटेतच विरघळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती खाली असते, म्हणून गार तशीच जमिनीवर येते. २०१४ साली फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत हे दिवसामागून दिवस घडत राहिलं, आणि मराठवाड्याची शिवारं पांढरी झाली.

गारेचं माप आपल्या भाषेत आधीपासून आहे: हरभऱ्याएवढी, बोराएवढी, सुपारीएवढी, लिंबाएवढी. सुपारीएवढी म्हणजे साधारण अडीच सेंटीमीटर, वजन सात-आठ ग्रॅम. तिच्यापासून लिंबापर्यंतच्या गारा ताशी ४० ते ६५ किलोमीटर वेगानं येतात. व्यास दुप्पट, म्हणजे पाच सेंटीमीटर झाला की वजन आठपट होतं, वेगही वाढतो आणि आदळण्याचा जोर जवळपास सोळापट होतो. सुपारीएवढीनं पत्र्याला पोचा पडतो आणि लिंबापेक्षा मोठीनं सिमेंटच्या पत्र्याला भगदाड पडतं, ते याच कारणानं. सिमेंटचा पत्रा सहा मिलिमीटर जाड असला तरी ठिसूळ असतो, आणि जुना होईल तसा अधिकच. ज्यांच्या घराला किंवा गोठ्याला असे पत्रे आहेत त्यांनी गारा पडत असताना त्याखाली बसू नये.

घराचं नुकसान जास्त होतं त्याला गारपिटीची वेळही कारणीभूत आहे. येळवस (वेळ अमावस्या) होते, संक्रांत होते, आणि मग घरातलं सगळं बाहेर येतं. ज्वारी काढून रानात पडलेली, कणसासकट पेंढ्यांची बुचाडं उभी, हरभरा खळ्यावर, गहू पिवळा, कडब्याच्या पेंढ्या रचून वळई घालायच्या म्हणून वाट पाहत असलेल्या. माळवदावर आणि स्लॅबवर जुन्या लुगड्यांवर कुरडया, पापड्या, सांडगे वाळत घातलेले. पाऊस येणार असं कुणाच्या मनातही नसतं. जूनच्या आधी आपण घर शाकारतो, कौलं फिरवतो. माघात कुणी वर चढून पाहत नाही. माझं आग्रहाचं सांगणं एवढंच की छपराची एक तपासणी संक्रांतीनंतर व्हायला हवी.

त्याच फेरीत बाकीच्या गोष्टी पाहून घ्याव्यात. स्लॅबवरचं पाणी जायचं तोंड आणि माळवदाची पन्हळ मोकळी करावी. तिथे पाला साचलेला असला की गारा अडकतात आणि वर तळं होतं. गारांचा दहा सेंटीमीटरचा थर म्हणजे चौरस मीटरला ५०-६० किलो, दहा बाय दहाच्या छपरावर अर्धा टन. मातीचं माळवद ते पाणी पिऊन आणखी जड होतं. दोन पत्र्यांच्या उतारांमध्ये जिथे नळी आहे, तिथून पाणी हमखास घरात येतं, म्हणून धान्याची पोती त्या नळीखाली कधीच लावू नयेत. पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत.

अर्थिंगकडे तर क्वचितच कुणाचं लक्ष जातं. माघ-फाल्गुनात काळ्या रानाला भेगा पडायला लागतात, अर्थिंगच्या खड्ड्यातली माती कोरडी होते आणि कोरडी माती विजेला वाट देत नाही. आठवड्यातून एकदा त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतणं, एवढंच करायचं असतं.

सोलर पंपाचे पॅनल आता शिवाराशिवारांत दिसतात. या पॅनलची चाचणीच अडीच सेंटीमीटरच्या बर्फाच्या गोळ्यानं, सेकंदाला २३ मीटर वेगानं घेतलेली असते. म्हणजे सुपारीएवढ्या गारेला चांगलं पॅनल टिकावं अशी अपेक्षा असते, त्यापुढे भरवसा नाही. छपरावरच्या पाणी तापवायच्या सोलरच्या काचेच्या नळ्या त्याहून नाजूक. इशारा आला की त्यांच्यावर गोणपाटाच्या दोन घड्या टाकून सुतळीनं बांधाव्यात. मोटारसायकल ओसरीत घ्यावी. चारचाकीच्या काचेवर आणि टपावर वाकळ पसरून दोरीनं खालून आवळावी. नुसती टाकलेली वाकळ पहिल्याच झोतात उडते.

इशारा कुठून मिळतो? हवामान खातं जिल्ह्यावार पिवळा, नारंगी, लाल असा रंग देतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं दामिनी हे अॅप मोबाइलवर असावं. पण गारांचा पट्टा अरुंद असतो. एका गावात पूर्वेचं शिवार झोडपलं जातं आणि पश्चिमेचं कोरडं राहतं. त्यामुळे आभाळ वाचता यायला हवं. सकाळपासून नेहमीपेक्षा जास्त उकाडा, वारा पडलेला, दुपारी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ढग भराभर उंच चढतोय आणि त्याचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरतोय. नंतर एकाएकी थंड वारा आणि धुळीचा लोट. मग टपटप मोठाले, अंतरा-अंतरानं पडणारे थेंब. थंड वारा लागला की जेमतेम काही मिनिटं हातात असतात, आणि ती बाहेर धावण्यासाठी नसतात.

इशाऱ्याच्या दिवशी सगळी कामं दुपारी बाराच्या आत उरकावीत. ज्वारीची बुचाडं ताडपत्रीनं झाकावीत आणि ताडपत्रीची कडी खुंट्यांना बांधावी. वर दगड ठेवून भागत नाही, इथेही तोच नियम. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, पक्की शेड नसेल तर जनावरं गावात आणावीत. झाडाखाली दावण नको, तारेच्या कुंपणाला बांधणं तर नकोच, वीज त्या तारेतून धावते. देवणी किंवा लाल कंधारी बैलाला गारांचा मार सोसतो, पण शेळीच्या पिलाला सोसत नाही. उस्मानाबादी शेळ्यांची करडं आधी आत घ्यावीत.

वीज दोन-तीन दिवस जाऊ शकते, आणि वीज गेली की बोअर बंद. माणसामागे दिवसाला वीस लिटर, मोठ्या जनावरामागे पन्नास-साठ, शेळीमागे पाच, असा तीन दिवसांचा हिशेब करून टाकी, हौद, रांजण भरून ठेवावेत. उन्हानं पांढुरकी पडलेली प्लास्टिकची टाकी गारेनं तडकते, म्हणून सगळं पाणी एकाच टाकीत ठेवू नये. तुराट्या, पऱ्हाट्या आणि गवऱ्या दोन दिवस पुरतील एवढ्या आत आणाव्यात. गॅस असला तरी आणाव्यात. खाण्याची फार चिंता नको. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे हे आपलं नेहमीचंच खाणं तीन दिवस टिकतं.

गारा सुरू झाल्यावर करण्यासारखं जवळजवळ काहीच नसतं, आणि हेच पाळणं सगळ्यांत अवघड जातं. पत्र्यावरचा आवाज इतका मोठा असतो की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. मुलं रडतात, जनावरं हंबरतात, आणि कुणीतरी ताडपत्री सरकली म्हणून डोक्यावर पोतं घेऊन बाहेर निघतो. त्याला धरून बसवायचं. पाच-दहा मिनिटं, फार तर पंधरा-वीस मिनिटं हा खेळ चालतो. घरात एखादी स्लॅबची किंवा माळवदाची खोली असेल तर सगळ्यांनी तिथे जावं, खिडकीपासून दूर बसावं. पूर्ण घर पत्र्याचं असेल तर भिंतीलगतच्या कोपऱ्यात बसावं. लहानांना आणि म्हाताऱ्यांना लाकडी पलंगाखाली किंवा बाजेखाली घ्यावं, बाजेवर वाकळा टाकाव्यात. वाऱ्याच्या बाजूचं दार उघडलं तर हवा आत शिरून पत्र्याला खालूनही उचलते, म्हणून ते बंदच हवं. मेन स्विच आधीच पाडलेला असावा. नळाला, मोटारीच्या स्टार्टरला, डिशच्या वायरीला हात लावू नये. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीननं भागले की विजेचं अंतर किलोमीटरमध्ये कळतं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही.

नंतरची शांतता फसवी असते. अंगण पांढरं, हवा गार, कडुलिंबाच्या तुटलेल्या पाल्याचा कडवट वास सगळीकडे. उत्तरेच्या भिंतीच्या सावलीत गारांचा ढीग दुसऱ्या दुपारपर्यंत राहतो. पोरं त्याकडे धावतात, आणि त्याच ढिगाखाली तुटलेली तार असू शकते. खांब वाकला असेल, तार लोंबत असेल तर वीसेक पावलं लांबच राहावं आणि लाइनमनला कळवावं. पडलेल्या पत्र्याला तार टेकलेली नाही, हे पाहिल्याशिवाय पत्रा उचलू नये.

छपरावर लगेच चढू नये. गारांवर पाय घसरतो, आणि सिमेंटचा पत्रा वरून शाबूत दिसला तरी आतून तडकलेला असतो. पाय फक्त अँगलच्या रेषेवर, तोही आडवी फळी टाकून. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसांना घातक. फुटलेले तुकडे कोरडे झाडू नयेत, पाणी शिंपडून, तोंडाला फडकं बांधून गोळा करावेत.

भिजलेल्या करडाला आधी गोणपाटानं खसाखसा पुसून कोरडं करावं, शेकावं, मग गुळाचं कोमट पाणी पाजावं. ओल्या कडब्याच्या पेंढ्या दुसऱ्याच दिवशी सोडून उभ्या कराव्यात. वळई आत तापली की बुरशी धरते आणि तो कडबा पुढे महिनाभर जनावरांचं पोट बिघडवतो. गारांनी मोडलेल्या ज्वारीला आठवड्या-दोन आठवड्यांत जे कोवळे हिरवे फुटवे येतात, त्यांत जनावर मोकळं सोडू नये. त्या फुटव्यांत सायनाइडचं विष तयार होतं आणि पोटभर चरलेलं जनावर तासाभरात आडवं होऊ शकतं. मोसंबीच्या किंवा आंब्याच्या झाडाची साल फाटली असेल तर एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी अशी बोर्डो पेस्ट करून जखमेवर लावावी.

काहीही हलवण्याआधी फोटो काढावेत: छप्पर आतून आणि बाहेरून, हातावर नाणं ठेवून त्याच्याशेजारी गार, मेलेल्या जनावराच्या कानातला बिल्ला. पंचनामा तलाठ्याचा, पण जनावर गेलं असेल तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरू नये, कारण नंतर तो कागद मिळत नाही.

आणि मग छप्पर. गारपिटीनंतर चार-आठ दिवस तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानांत हुक मिळत नाहीत, वायसर मिळत नाहीत, पत्र्याचे भाव चढलेले असतात, सुतार आणि वेल्डर दहा घरांत अडकलेले असतात. पुढचं आभाळ तर पुन्हा भरून येत असतं. अशा वेळी जो तो उरलेला पत्रा टाकतो आणि हाताशी असेल तो दगड उचलून वर ठेवतो. चार दिवसांपुरता ठेवलेला तो दगड मग वर्षानुवर्षं तिथेच राहतो. म्हणून आत्ताच, बाजार शांत असताना, रिकाम्या तेलाच्या डब्यात पन्नास जे-हुक, शंभर वायसर, दोन किलो बांधायची तार, पक्कड, पाना, एम-सीलची चार पाकिटं आणि भोक पाडायचा सुंबा भरून तो डबा बाजेखाली सरकवून ठेवावा. सोबत एक बारा फुटी पत्रा, भिंतीला उभा.